कुशाबाचं मशीन

नाटकाला पहिल्या रांगेत बसणारी माणसं नटाच्या डोळ्यांकडे बघतात, कपड्यांकडे बघतात, काही तर पायातल्या वहाणा नटाच्या स्वतःच्या आहेत की कंपनीच्या तेही बघून घेतात. कुशाबा घाडी माझ्या ओठांकडे बघायचा. सबंध नाटकभर. मी विंगेकडे तोंड फिरवलं की तो खुर्चीत पुढे सरकायचा, मान तिरकी करायचा, जणू माझं वाक्य माझ्या खांद्याआड पडलंय आणि ते त्याला वाकून उचलायचंय.

मला वाटायचं, काय रसिक माणूस आहे! नटाला असं वाटायला फारसं काही लागत नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे दिवस होते. मी राहायचो गिरगावात, पण माझं पोट आणि मन दोन्ही लालबाग-परळात होतं. गिरणीतले हौशी कलावंत गणपतीत, दसऱ्याला नाटकं करायचे आणि ती बसवायला मला बोलवायचे. ट्रॅममधून उतरून चाळीच्या फाटकात शिरलो की वरच्या गॅलरीतून आरोळी यायची, "मास्तर इले रेऽऽ!" एवढ्या मोठ्या आवाजात, की ट्रॅममधली माणसं वळून बघायची. त्या चाळीत सगळेच मोठ्यानं बोलायचे. कोकणातली मोकळी माणसं, दुसरं काय, असं मी धरून चाललो होतो.

कुशाबा मालवणाकडचा. तरुणपणी मुंबईत आला तो थेट साचेखात्यात लागला. साचे म्हणजे कापड विणायचे माग. एका छपराखाली शेकडो साचे एकदम चालतात तेव्हा तिथं आवाज असा राहतच नाही, आवाजाचं पाणी झालेलं असतं आणि माणसं त्यात बुडून काम करत असतात. मी एकदाच आत गेलो होतो. कुशाबा माझ्यापासून हातभर अंतरावर काहीतरी सांगत होता आणि मला फक्त त्याचं तोंड उघडताना-मिटताना दिसत होतं. पलीकडच्या साच्यावरच्या रामजी तावड्याला मात्र ते सगळं कळलं आणि तो पोट धरून हसला. साचेवाले असेच बोलतात. ओठांनी, भुवयांनी, दोन बोटांनी. जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, शिव्या घालायची सबंध बाराखडी त्यांच्याकडे बिनआवाजाची आहे. आमच्या रंगभूमीवर ज्याला मूकाभिनय म्हणून टाळ्या पडतात, तो ही माणसं आठ-आठ तास करायची.

कुशाबाच्या खोलीत देवांच्या फळीशेजारी आणखी एक फळी होती. तिच्यावर त्याचं मशीन. अॅम्प्लिफायर हा शब्द तेव्हा दुकानदार वापरायचे, चाळीत त्याला मशीनच म्हणायचे. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराचं जे सामान चोरबाजारात आलं त्यातलं ते करड्या रंगाचं लोखंडी खोकं. मागं काचेचे व्हॉल्व. चालू केलं की ते हळूहळू तांबूस व्हायचे, मग लाकडी पेटीतल्या स्पीकरमधून आधी गुणगुण आणि मागाहून गाणं. खाली रेडिओ, बाजूला तबकडीचा फोनो, दोन्हींच्या वायरी मशीनमध्ये. दुसऱ्या पाळीहून आलेला माणूस जेवून दाराशी बसायचा आणि कुशाबा त्याला गाणं वाढायचा. दसऱ्याला गिरणीत साच्याला झेंडूचा हार घालून आला की उरलेला हार तो मशीनला घालायचा.

"दोगांचाच खातंय मी," म्हणायचा. "एक भाकरी देता, एक गाणा."

छप्पन सालच्या जानेवारीत लालबागच्या एका मैदानात सभा होती. मशीन नेलं होतं कुशाबानं, टेबलावर मांडून, झाडाला कर्णा बांधून. सभा रंगात आली आणि पोलिसांच्या गाड्या आल्या, अश्रुधूर सुटला, पळापळ झाली. कुशाबानं वायरी ओढून तोडल्या आणि मशीन तान्ह्या पोरासारखं छातीशी धरून तो धावत सुटला. गल्लीच्या तोंडाशी गटाराच्या कडेवर पाय घसरला. तो पडला, पण मशीन वर ठेवून पडला. त्याचं कोपर फुटलं आणि मशीनच्या एका कोपऱ्याला पोचा आला. चाळीत दोघांचीही मिरवणूक निघाली.

तेव्हापासून मशीन बसलं, असं कुशाबा म्हणू लागला.

"आवाज येता, पण गाणा येणा नाय. कोण तरी घोंगडी पांघरून गाता तसा वाटता."

रामजीनं ऐकून पाहिलं. त्यालाही तसंच वाटलं. त्याच मजल्यावरच्या इतर साचेवाल्यांनीही माना डोलावल्या. पोचा तर डोळ्यांना दिसतच होता. मशीननं मोर्च्यात मार खाल्लाय, त्याचा आवाज बसणारच, यात कुणाला शंका आली नाही. उलट थोडा अभिमानच वाटला.

कुशाबाला एकच लेक, अंबिका. माझ्या एका नाटकात मागच्या बाजूला उभं राहून गायला मी तिला घेतलं आणि पहिल्याच तालमीला माझ्या लक्षात आलं की या पोरीला मागं उभं करणं चूक आहे. गळा पातळ, पण सरळ. उंच जायचा आणि वर गेल्यावर घाबरायचा नाही. तिची आई लक्ष्मी तिला भातलावणीची जुनी गाणी शिकवायची, गावच्या खाचरात कमरेत वाकून बायका म्हणतात ती. संध्याकाळी अंबिका चुलीपुढं बसून गायची आणि कुशाबा तिच्यासमोर मांडी घालून, तिच्या तोंडाकडे बघत, ऐकायचा. नजर जरासुद्धा हलायची नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं, मी पाहिलेलं आहे.

आकाशवाणीवर कामगारांच्या कार्यक्रमात गाण्यासाठी मी तिचं नाव सुचवलं. तिच्या आवाजाची चाचणी झाली आणि बोलावणं आलं. चाळीनं पेढे खाल्ले. कुशाबाला मात्र एकाच गोष्टीनं ग्रासलं.

"मास्तर, माजा चेडू रेडिओर गातला आणि माका ता घोंगडीतून ऐकाक लागतला? तुमीच सांगा, ह्याच मशीन दुरुस्त करू की बदलून टाकू?"

माझी लेक रेडिओवर गाईल आणि मी तिचा शब्दन् शब्द ऐकेन, एवढंच त्या माणसाला हवं होतं. दुसरं काही त्यानं आयुष्यात मागितलेलं मला ठाऊक नाही.

चिंचपोकळीला स्टेशनजवळ बाबुरावांचं दुरुस्तीचं दुकान होतं. तोंडात पान, हातात डाग द्यायची कायम तापलेली कय्या. कुशाबा आणि मी मशीन घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी झाकण काढलं, एकेक व्हॉल्व उपसून बघितला, तबकडी लावली, पुन्हा लावली.

"कुशाबा, मशीन टकाटक आहे रे. पोचा पडला तो पत्र्याला. आत काय पण झालं नाय."

"मगे आवाज असो कित्याक?"

"कसा?"

"असो." कुशाबानं तोंडावर पालथा हात धरून दाखवला.

बाबुरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी नटासारखे हात पसरले. मला यंत्रातलं काही कळत नव्हतं. आवाज मला चांगला वाटत होता, पण ज्याचं मशीन आहे त्याला कळत नाही तर मला काय कळणार?

"एक काम करू," बाबुराव म्हणाले. "लॅमिंग्टन रोडला माझ्या ओळखीचं दुकान आहे. तिथलं नवं कोरं मशीन रविवारी ट्रायलला घेऊन येतो. दोन्ही बाजूबाजूला लावू. पसंत पडलं तर जुनं देऊन नवं घ्यायचं, नाय तर ह्याच्यातच काहीतरी फेरफार करू. कान देतील तो निकाल."

त्या रविवारी कुशाबाच्या खोलीत न्यायालय भरलं. न्यायाधीश चटईवर बसले. मध्ये रामजी, त्याच्या दोन्ही बाजूंना साचेखात्यातली आणखी चौघं, कडेला कुशाबा. सगळे अंघोळ करून, धुतलेले सदरे घालून आलेले. बायका दाराबाहेर, गॅलरीत. त्यांना कुणी मत विचारलं नव्हतं. मी बायकांच्या पुढं, उंबऱ्याला टेकून उभा होतो.

बाबुरावांनी आधी जुनं मशीन लावलं. एका बाईचं भजन होतं. सगळ्यांनी डोळे बारीक करून स्पीकरच्या पेटीकडे पाहिलं, जणू त्या जाळीच्या कापडामागून एखादं तोंड दिसेल.

"बसलोहा," रामजी म्हणाला. "पक्को बसलोहा."

मग तीच तबकडी नव्या मशीनवर. नवं मशीन झकपक होतं, पुढं पितळी बटणं. माझ्या कानाला आवाज थोडा उजळ वाटला. न्यायाधीशांनी पुन्हा पेटीकडे डोळे बारीक केले. गाणं संपल्यावर रामजीनं मांडीवर थाप मारली.

"अरे, ह्या पण तसलाच! ह्येच्या आवशीक... नव्या मशिनात पण घोंगडीच! कंपनीवाले फसवूक लागले रे!"

सगळे हसले. कुशाबासुद्धा हसला. त्याला बरंच वाटलं असावं. त्याचं मशीन नव्याइतकंच वाईट होतं, म्हणजे नव्यापेक्षा वाईट नव्हतं.

रामजीची बायको चंपा माझ्या मागून म्हणाली, "काय तरी बोलतास! दोनव खणखणीत वाजतत!"

चटईवरचं एकही डोकं वळलं नाही.

बाबुराव मशीनमागं वाकून वायरी काढत होते. वैतागून पुटपुटले, "काय कापूस घातलाय काय रे कानात सगळ्यांनी?"

गॅलरीत बायका हसल्या. मग त्यांचं हसू एकदम थांबलं. बाबुराव मान वर करून चटईकडे बघत राहिले. चटईवर रामजी शेजाऱ्याला कोपरानं ढोसत होता आणि नव्या मशीनच्या बटणांवरून काहीतरी विनोद चालला होता. बाबुरावांचा टोमणा त्यांच्यापैकी कुणापर्यंतच पोचला नव्हता.

मी तोंड उघडलं. कुशाबा माझ्याकडे पाठ करून बसला होता. मी रंगभूमीवरचा माणूस, शेवटच्या रांगेतल्या डोअरकीपरला ऐकू जाईल असा आवाज लावायची माझी सवय. पण तेवढ्यात चहाची किटली घेऊन लक्ष्मी आली आणि माझ्या अगदी जवळून जाताना थांबली.

"मास्तर, पाठसून हाक मारू नकात. आमच्याकडे मारणत नाय."

ते मी पूर्वीही पाहिलं होतं. त्या चाळीत बायको नवऱ्याला कधी मागून हाक मारायची नाही. हातातलं काम टाकून उठायची, वळसा घालून त्याच्यासमोर यायची आणि मग बोलायची. लेकरंसुद्धा बापाचा सदरा ओढायची, बाप वळला की बोलायची. निघालेल्या माणसाला पाठीमागून हाक मारणं अशुभ, हे आपल्याकडे सगळेच मानतात. ही चाळ ते जरा जास्त पाळते, एवढंच मला वाटलं होतं. त्या दिवशी मी लक्ष्मीच्या डोळ्यांत पाहिलं आणि गॅलरीतल्या सगळ्या बायकांच्या डोळ्यांत पाहिलं. अशुभाचा त्यात काही संबंध नव्हता.

जिन्यात मी लक्ष्मीला गाठलं.

"लक्ष्मी, त्याला ठाऊक नाही?"

"नाय."

"रामजीला?"

"कोणाकच नाय. इतकी वर्सां कान हळूहळू गेले, त्यांका कसा कळात? समोर रवान बोलला की सगळा कळता त्यांका. आणि गिरणीत तर कोणच कोणाचा ऐकणा नाय." ती पदराच्या टोकाला गाठ मारत आणि सोडवत होती. "बरां चल्लाहा मास्तर. मशीन बिघाडलाहा म्हणतत, म्हणांदे. मशिनाक कसला दुक्ख?"

"पण अंबिका तिथं असेल, रेडिओवर. इथं तिचं तोंड कुठून आणणार?"

किटलीतला चहा निवून गेला होता, तरी लक्ष्मी किटली हलवून बघत होती.

न्यायालयाचा निकाल लागला. नवं परत गेलं. जुन्यातच फेरफार करायचा ठरला. आवाजाची वरची धार वाढवायची. बाबुराव काय समजायचं ते समजले होते. त्यांनी आतले कंडेन्सर बदलले, पुढं एक नवं बटण बसवलं आणि फिरवून दाखवलं. बटण शेवटाला नेलं की बाईचा आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा यायचा. गॅलरीतली पोरं कान झाकून पळाली. चंपा ओरडली, "बाये माझे, कानात सुई घातल्यानी!"

कुशाबाचा चेहरा उजळला. "हां! आता जरा उघाडला. बाबुराव, अजून थोडा वर जायत?"

"नाय कुशाबा. ह्याच्या वर काय नाय."

गाण्याच्या दिवशी आमच्या नाटकांतले तात्या पेटीवाले अंबिकेला घेऊन चर्चगेटकडे गेले. मला कुशाबानं स्वतःजवळ ठेवून घेतलं होतं. "तुमी हय व्हये मास्तर. चुकली तर तुमकाच कळतला." उन्हं कलली होती. खोलीत मुंगीला जागा नव्हती, गॅलरीत माणसं, जिन्यात माणसं. मशीनला हार घातलेला, दसरा नसताना. व्हॉल्व तांबूस झाले. नवं बटण कुशाबानं शेवटापर्यंत नेलं होतं आणि आणखी जातंय का म्हणून तो पुन्हा पुन्हा जोर लावून बघत होता. निवेदक बोलू लागला तेव्हा बायकांनी दात ओठांवर रोवले. एकीनं तान्ह्या पोराचे कान तळव्यांनी झाकले. पण कुणी हूं की चूं केलं नाही.

मग अंबिकेचं नाव आलं आणि ती गायला लागली.

*लाव गो बाये हिरवो तरवो,*
*पाण्यात सांज बुडाली गो...*

तरवा म्हणजे भाताची रोपं. माझ्यासारख्या गिरगावातल्या माणसालाही ते गाणं ऐकताना गुडघाभर पाण्यात उभं असल्यासारखं वाटलं. त्या सुईसारख्या आवाजातसुद्धा पोरीचं गाणं गाणंच राहिलं. पहिली ओळ तिनं घेतली ती एकाच दमात, न डगमगता, जशी मी तालमीत शंभर वेळा मागितली असती आणि क्वचितच मिळाली असती. बायका रडायला लागल्या. त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या आणि डोळ्यांत पाणी होतं.

कुशाबा स्पीकरच्या पेटीला कान लावून बसला होता. एक हात पेटीवर पालथा. तबल्याची थाप पडली की त्याची बोटं हलायची. तबला त्याला लागत होता. थोड्या वेळानं त्यानं कान बदलला. मग मान उचलली आणि माणसांकडे बघायला लागला. चंपाकडे, तिच्या शेजारणीकडे, डोळे पुसणाऱ्या म्हाताऱ्यांकडे. सगळ्यांना काहीतरी मिळत होतं आणि त्याला मिळत नव्हतं. पंगतीत पान चुकलेल्या माणसासारखा तो एकेका चेहऱ्याकडे बघत होता.

लक्ष्मी गर्दीतून वाट काढत आली आणि त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली. तिनं ओठ हलवायला सुरुवात केली. आवाज अजिबात नाही. नुसते ओठ, रेडिओवरच्या लेकीबरोबर, शब्दाला शब्द. गाणं तिचंच होतं, तिनंच शिकवलेलं. कुशाबाची नजर तिच्या तोंडावर खिळली आणि त्याचा चेहरा फुलला. खरोखर फुलला. गाणं त्याच्यापर्यंत पोचलं.

मग त्यानं डोळे मिटले. का मिटले? सुख झालं की आपण सगळेच मिटतो, तसेच मिटले असतील.

त्यानं डोळे उघडले. लक्ष्मी गात होती. त्यानं पुन्हा मिटले, या वेळी मुद्दाम, घट्ट. पुन्हा उघडले. मी आयुष्यभर रंगमंचावर मरणं केली आहेत, विष पिऊन, तलवारीनं, पुत्रशोकानं. त्या खोलीत, पंख्याच्या वाऱ्यात, एक माणूस नुसते डोळे उघडत-मिटत होता आणि त्याच्यापुढं माझं सगळं खोटं होतं.

लक्ष्मीचे ओठ थांबले. तिलाही कळलं होतं. कुशाबानं तिच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला. मग त्यानं आपली माणसं पुन्हा एकदा पाहिली, या खेपेला नीट. आठ्या पाहिल्या, तान्ह्याच्या कानांवरचे तळवे पाहिले. त्यानं हात लांबवला आणि ते नवं बटण हळूहळू मागं फिरवलं, पार मागं, मशीन पहिल्यापासून जसं होतं तिथपर्यंत. बायकांची कपाळं सैल झाली. सुई गेली आणि खोलीभर अंबिकेचा खरा आवाज पसरला. चाळ हरखून गेली. कुशाबा त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत बसला. बटण बरोबर जागी आलंय हे त्याला त्यांच्याच चेहऱ्यांवरून कळलं असणार.

गाणं संपलं. सगळ्यांत आधी रामजीनं आरोळी ठोकली.

"सुधारला रे कुशाबा, मशीन सुधारला! काय वाजला!"

बाकीचे साचेवालेही ओरडले, टाळ्या वाजवल्या. बायका रडताना दिसल्या, म्हणजे गाणं चांगलं झालं असणार. कुशाबानं आपल्या साथीदारांकडे एकेक करून पाहिलं. त्याला आता त्यांचंही कळलं होतं. तो सांगू शकला असता.

"व्हय," तो म्हणाला. "सुधारला."

दिवे लागल्यावर अंबिका आली ती धावत, दोन दोन पायऱ्या चढत. सगळ्यांना ओलांडून बापासमोर उभी राहिली.

"बाबा, ऐकलात? कसा झाला?"

मला वाटलं, तो चांगलं झालं म्हणेल आणि सुटेल. पण बापाला लेक ओळखते. नुसतं चांगलं झालं म्हटलं असतं तर तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं असतं. कुशाबानं कपाळाला आठी घातली, उस्तादासारखी.

"सगळा ऐकलंय. बरां झाला. पण पयल्या ओळीक तुजो श्वास कमी पडलो."

पोरीचा चेहरा उतरला. "व्हय?"

"व्हय. इल्लो कमी पडलो. घे जरा जास्त."

तिनं माझ्याकडे बघितलं. श्वास कुठंही कमी पडला नव्हता. मी मान डोलावली. रंगमंचावर समोरच्या नटानं ऐनवेळी नवं वाक्य घेतलं तर त्याला उघडं पाडायचं नसतं.

अंबिकेला नंतर रेडिओची बरीच बोलावणी आली. कुशाबानं पुन्हा तिचं गाणं घरी ऐकलं नाही. तिचा कार्यक्रम असला की त्याची पाळी असायची. नसली तर तो कुणाशी तरी बदलून घ्यायचा. चाळीला वाटायचं, गिरणीचं काम म्हटल्यावर बिचारा काय करणार. तो हट्टानं साच्यापुढं जाऊन उभा राहायचा, त्याच छपराखाली, जिथं कुणालाच काही ऐकू येत नव्हतं.

मशीन त्यानं संयुक्त महाराष्ट्र समितीच्या पोरांना देऊन टाकलं. साठच्या मे महिन्यात महाराष्ट्र झाला, त्या दिवशी सकाळपासून ते चौकात पोवाडे गात होतं. लोक म्हणाले, कुशाबा, काय खणखणीत ठेवलंस रे मशीन! तो त्यांच्या तोंडाकडे बघून हसायचा.

काही वर्षांनी तो निवृत्त झाला. अंबिका लग्न होऊन दादरला गेली होती, छोट्या-मोठ्या मैफली करत होती. एका दुपारी मी भेटायला गेलो तेव्हा कुशाबा गॅलरीत स्टुलावर बसला होता. कानांवरचे केस पांढरे झाले होते. मी वळसा घालून समोर गेलो. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग तो म्हणाला,

"मास्तर, तुमी तरणे असताना बायकांची कामां करीत होतात ना?"

"करत होतो."

"माझा चेडू आता कसा गाता, ता करून दाखवशात? मैफलीक गेलंय तर मागे बसवतत, तोंड दिसणा नाय. पुढे बसलंय तर ती माझ्याकडे बघता, मगे माका बसवत नाय."

मी उभा राहिलो. त्या अरुंद गॅलरीत, वाळत घातलेल्या लुगड्यांच्या आड. आदल्याच महिन्यात मी तिचं गाणं ऐकलं होतं. तिच्यासारखी मान किंचित डावीकडे झुकवली, एक तळवा मांडीवर धरला, डोळे खाली. आणि बिनआवाजाचं, नुसत्या ओठांनी ते भातलावणीचं गाणं सुरू केलं. सुरू करण्याआधी तिच्यासारखाच श्वास घेतला. खांदे उचलून, पोटभर, ऐकणाऱ्याला वाटावं हिला एवढा कशाला लागतो. जाणकार लोक तिला त्यावरून हसायचे. एका समीक्षकानं छापूनही आणलं होतं.

कुशाबानं हात वर केला. मी थांबलो.

"ह्यो श्वास," तो म्हणाला. "अजून घेता ती?"

"घेते."

"पयल्या ओळीक?"

"प्रत्येक वेळी."

तो बराच वेळ माझ्या ओठांकडे बघत राहिला, मी आणखी काहीतरी बोलेन म्हणून. मग तो उठला, स्टूल फिरवलं आणि माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसला.

त्याच्याशी बोलायचं तर वळसा घालून समोर जावं लागतं. मी गेलो नाही.